औषधाचा घोट आणि लघवीचा दाखला

अमेरिकेतील मोठ्या शहरांत मेथाडोन केंद्रांसमोर पहाटे जी रांग लागते, तिच्यात बांधकामावरचे मजूर असतात, इस्पितळांत झाडलोट करणाऱ्या स्त्रिया असतात, रात्रपाळी आटोपून थेट आलेले कामगार असतात. हेरॉइन वा तत्सम अफूवर्गीय द्रव्याच्या व्यसनातून सुटण्यासाठी खिडकीपलीकडच्या परिचारिकेसमोर औषधाचा घोट घ्यायचा आणि कामाची वाट धरायची, असा त्यांचा नेम. ज्याची प्रकृती स्थिर झाली आहे असे केंद्राला वाटते त्याला काही दिवसांच्या मात्रा घरी नेण्याची मुभा मिळते. ही मुभा वरवर पाहता लहान. परंतु नोकरी टिकणे, मुलाला वेळेवर शाळेत पोचविणे, आजारी आईजवळ राहणे हे सारे तिच्यावर अवलंबून असते. लघवीच्या तपासणीत गांजाचा अंश आढळला की अनेक केंद्रांत सर्वप्रथम हीच मुभा काढून घेतली जात आली आहे. काही ठिकाणी औषधाची मात्रा उतरविली गेली, काही ठिकाणी रुग्णाला दारच बंद झाले.

यातील विपर्यास असा की, १९९६ साली कॅलिफोर्नियाने औषधी वापरासाठी आणि २०१२ साली कोलोरॅडो व वॉशिंग्टन या राज्यांनी प्रौढांच्या सर्वसाधारण वापरासाठी गांजाला मान्यता दिली. त्यांच्यामागून अनेक राज्ये गेली. एका रस्त्यावरील परवानाधारक दुकानातून राज्य सरकार गांजावर कर वसूल करते आणि पलीकडच्या रस्त्यावरील केंद्रात त्याच गांजासाठी रुग्णाची मात्रा रोखली जाते. संघीय कायद्याने मात्र १९७० साली गांजाला अत्यंत घातक द्रव्यांच्या पहिल्या अनुसूचीत टाकले. या तिढ्यात रुग्णाचे काय करायचे याचा निर्णय अखेर डॉक्टरांवर येऊन पडला आहे. २०२४ साली मेथाडोन केंद्रांविषयीचे संघीय नियम सुधारले गेले. २८ दिवसांपर्यंतच्या मात्रा घरी देण्याची सोय नियमित झाली आणि कोणाला किती द्यायच्या हे ठरविताना डॉक्टरच्या विवेकाला पूर्वीपेक्षा अधिक वाव मिळाला. म्हणजे ज्या ठिकाणी आजवर नियम बोलत होता तेथे आता डॉक्टरांचे मत बोलणार. म्हणून हे मत कसे घडते, हा केवळ वैद्यकशास्त्राच्या वर्तुळातला प्रश्न राहत नाही. तो सत्तेचा प्रश्न आहे आणि समाजवादी विचाराच्या माणसाला तो दूरचा वाटू नये.

उपचार कसा जन्मला, कसा जखडला

मेथाडोनचा उपचार १९६४ च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये व्हिन्सेंट डोल आणि मेरी निस्वांडर या दोन डॉक्टरांनी उभा केला. व्यसनाधीन माणूस हा दुर्बल चारित्र्याचा नसून त्याच्या शरीराची घडणच दीर्घ वापराने बदललेली असते. मधुमेह्याला जसे इन्शुलिन तसे त्याला हे औषध, अशी त्यांची धारणा होती. योग्य मात्रेत घेतलेले मेथाडोन सुमारे दिवसभर काम करते, तलफ शमविते आणि माणसाला कामधंदा करू देते. नशा देणे हा त्याचा हेतू नव्हे. नशेमागे धावण्याची गरज संपविणे हा हेतू.

परंतु १९७० नंतरच्या दशकात अमेरिकी शासनाने या उपचारास जे रूप दिले ते दवाखान्यापेक्षा पोलिस चौकीला जवळचे होते. मात्रा रोज डोळ्यांदेखत, लघवीची तपासणी अकस्मात, घरी मात्रा देण्यापूर्वी वर्तणुकीची छाननी. या छाननीतील एक कसोटी अशी होती की, रुग्णाने अलीकडे कोणत्याही द्रव्याचा, अगदी मद्याचाही, गैरवापर केलेला नसावा. ज्या आजारासाठी उपचार चालला आहे त्याच्याशी त्या द्रव्याचा संबंध आहे की नाही, हे विचारण्याची आवश्यकता नियमकर्त्यांना वाटली नाही. २००२ साली व्यसनोपचारासाठी ब्युप्रेनॉर्फिन हे दुसरे औषध मान्य झाले. ते साध्या दवाखान्यातून लिहून घेता येते. मात्र त्याचा लाभ मुख्यतः विमा असणाऱ्या, गौरवर्णीय, सुस्थित रुग्णांना झाला आणि पहाटेची रांग प्रामुख्याने गरिबांच्या व कृष्णवर्णीयांच्या वाट्याला राहिली. गांजासाठी अटक होण्याचे प्रमाणही कृष्णवर्णीयांत गौरवर्णीयांच्या साडेतीन पटींहून अधिक असल्याचे तेथील नागरी स्वातंत्र्य संघटनेने २०१३ आणि २०२० या दोन्ही वर्षी दाखवून दिले. पोलिसाची काठी ज्याच्या पाठीवर पडते, त्याच्याच लघवीकडे केंद्रही संशयाने पाहते.

डॉक्टरांतील तीन प्रवाह

व्यसनोपचार करणारे डॉक्टर, परिचारिका व समुपदेशक यांच्यात या प्रश्नावर स्थूलमानाने तीन प्रवाह दिसतात आणि प्रत्येकाच्या बाजूने काही सत्य आहे.

पहिला प्रवाह संपूर्ण वर्ज्यतेचा. व्यसन एकच असते, द्रव्ये तेवढी बदलतात. गांजा ओढणारा रुग्ण त्याच मित्रांत, त्याच नाक्यावर, त्याच मनःस्थितीत राहतो आणि कधी ना कधी हेरॉइनकडे वळतो, असे त्याचे म्हणणे. या मताचे अनेक समुपदेशक स्वतः व्यसनातून बाहेर पडलेले असतात. त्यांच्या आग्रहामागे पाहिलेली मरणे असतात. तो आग्रह हेटाळणीस पात्र नाही. आजचा गांजाही जुना गांजा राहिलेला नाही. अमेरिकेत जप्त झालेल्या मालातील मुख्य मादक घटकाचे प्रमाण १९९५ मध्ये सुमारे ४ टक्के होते, ते २०१४ पर्यंत सुमारे १२ टक्क्यांवर गेले. कोवळ्या वयात आणि मनोविकाराची प्रवृत्ती असलेल्यांत त्याचे दुष्परिणाम गंभीर होतात, हेही निर्विवाद आहे.

दुसरा प्रवाह दुर्लक्षाचा. हेरॉइन आणि फेंटानिल माणूस मारतात, गांजा मारीत नाही. तेव्हा तिकडे पाहूच नये, असे हे डॉक्टर म्हणतात. श्वासोच्छ्वास चालविणाऱ्या मेंदूच्या भागावर गांजाचा परिणाम अफूवर्गीय द्रव्यांसारखा होत नाही, त्यामुळे गांजाच्या अतिमात्रेने श्वास थांबत नाही. हे खरेच आहे. परंतु ‘पाहूच नये’ या भूमिकेत पुष्कळदा थकलेल्या डॉक्टरची सोय दडलेली असते. शेकडो रुग्ण, अपुरा कर्मचारीवर्ग, कागदांचा ढीग. त्यात ‘हा माणूस रात्री गांजा का ओढतो’ हे विचारायला वेळ कोठून आणायचा?

तिसरा प्रवाह नवा आहे आणि त्याला बाजारपेठेचे वारे लागले आहे. गांजा हेच औषध आहे, असे तो सांगतो. रुग्णांचा अनुभव त्याच्या पाठीशी उभा राहतो: झोप लागते, अंगदुखी निवते, मेथाडोन सुरू करतानाची तगमग कमी होते. २०१८ साली पेन्सिल्व्हेनिया राज्याने अफूवर्गीय द्रव्यांच्या व्यसनाचा समावेश ज्या आजारांवर औषधी गांजा देता येतो त्यांच्या यादीत केला. या मार्गावर इतर काही राज्येही चालू लागली. तेव्हा २०१९ साली कीथ हम्फ्रीज आणि रिचर्ड साइट्झ या दोन जाणत्या व्यसनतज्ज्ञांनी अमेरिकी वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात जाहीर इशारा दिला की, सिद्ध झालेल्या औषधांच्या जागी गांजा सुचविण्यास पुराव्याचा आधार नाही.

पुरावा काय सांगतो

पुराव्याची कथा मोठी बोधप्रद आहे. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसले की, १९९९ ते २०१० या काळात औषधी गांजाचा कायदा असलेल्या राज्यांत अफूवर्गीय द्रव्यांच्या अतिमात्रेने होणारे मृत्यू सरासरीने २४.८ टक्के कमी होते. गांजा व्यवसायाने हा आकडा ध्वजासारखा मिरविला. २०१९ साली दुसऱ्या संशोधकांनी तीच पद्धत वापरून काळ २०१७ पर्यंत वाढविला, तेव्हा संबंध उलटा झाला: त्याच राज्यांत मृत्यू सुमारे २३ टक्के अधिक दिसू लागले. गांजा आधी तारीत होता आणि नंतर मारू लागला, असा याचा अर्थ नव्हे. राज्यांच्या सरासरीवरून व्यक्तीच्या शरीराविषयी निष्कर्ष काढता येत नाही, एवढाच त्याचा धडा.

उपचार घेणाऱ्या रुग्णांवरील अभ्यासही एकमुखी नाहीत. कॅनडातील व्हँकूव्हर शहरात २०१८ साली असे आढळले की, रोज गांजा वापरणारे रुग्ण सहा महिन्यांनंतर उपचारात टिकून राहण्याचे प्रमाण न वापरणाऱ्यांपेक्षा अधिक होते. त्याच देशातील ओन्टारिओ प्रांतात २०१७ साली नेमके उलटे दिसले; गांजा वापरणारे उपचार अधिक सोडत होते. अमेरिकेतील १९९८ आणि २००३ सालच्या अभ्यासांत गांजाच्या वापराने उपचाराच्या निष्पत्तीत लक्षणीय फरक आढळला नव्हता. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने २०१७ साली साऱ्या पुराव्याचा आढावा घेतला. प्रौढांतील दीर्घकालीन वेदनांवर गांजाजन्य द्रव्यांचा उपयोग होतो यास तिने भरीव आधार मान्य केला. परंतु व्यसन सुटण्यासाठी त्यांचा उपयोग होतो किंवा होत नाही, यांपैकी काहीच म्हणण्याइतका पुरावा तिला सापडला नाही.

या धूसर चित्रात एक गोष्ट मात्र लख्ख आहे. २०१७ साली अनेक देशांतील अभ्यास एकत्र करून, मेथाडोन घेतलेल्या १ लाख २२ हजारांहून अधिक लोकांच्या नोंदी तपासल्या गेल्या. उपचार चालू असताना दर हजारी वर्षाला ११.३ मृत्यू होत होते. उपचार सुटल्यानंतर तेच प्रमाण ३६.१ झाले. म्हणजे तिप्पट. उपचार सुटला की शरीराची सहनशक्ती उतरलेली असते, तलफ परतते आणि बाजारात मिळणारी पुडी पूर्वीची राहिलेली नसते. तिच्यात फेंटानिल असते. २०२१ या एका वर्षात अमेरिकेत अफूवर्गीय द्रव्यांच्या अतिमात्रेने ८० हजारांहून अधिक माणसे मेली.

या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की प्रश्नाचे उत्तर स्पष्ट होते. गांजा ओढल्याने उपचार बिघडतो हे सिद्ध झालेले नाही. उपचार काढून घेतल्याने माणूस मरतो हे सिद्ध झाले आहे. अनिश्चित हानी टाळण्याच्या नावाखाली निश्चित हानी पत्करणाऱ्या डॉक्टरला शास्त्राचा आधार घेता येणार नाही. तो सवयीच्या आणि नियमाच्या आधारावर उभा आहे. अमेरिकेतील व्यसनवैद्यकाच्या संघटनेने २०२० साली सुधारलेल्या मार्गदर्शिकेत हेच सांगितले: गांजा, मद्य वा अन्य द्रव्यांचा वापर हे अफूवर्गीय व्यसनाचा उपचार नाकारण्याचे वा थांबविण्याचे कारण होऊ नये, अशा रुग्णाला अधिक साहाय्य लागेल, ते द्यावे. झोपेच्या व चिंतेवरच्या बेंझोडायझेपिन गोळ्या मेथाडोनसोबत खरोखर जीवघेण्या ठरू शकतात. तरीही त्या घेणाऱ्या रुग्णाचा उपचार रोखू नये, असे तेथील औषध प्रशासनाने २०१७ सालीच कळविले होते. मग गांजाची कथा ती काय?

शिक्षेचे आणि नफ्याचे अर्थकारण

तरीही ही रीत टिकते, कारण तिला दोन भक्कम आधार आहेत. एक आधार दंडसत्तेचा. व्यसनाधीन माणसाला प्रथम अपराधी मानणारी व्यवस्था डॉक्टरच्या हाती औषध देते ते अटींसकट देते. परवाना जाईल, तपासणी पथक येईल, ही धास्ती डॉक्टरच्या मानेवर असते. वर्षातून किमान आठ अकस्मात तपासण्या करण्याचे बंधन केंद्रावर आहे. नित्य वापरणाऱ्याच्या लघवीत गांजाचा अंश कित्येक आठवडे राहतो. तो किती ओढला, कशासाठी ओढला, त्याने काय बिघडले, यांपैकी एकही गोष्ट ती पट्टी सांगत नाही. परंतु पट्टीचा रंग वहीत नोंदविता येतो आणि माणसाचे दुखणे नोंदविता येत नाही. हळूहळू रुग्णही शिकतो: डॉक्टरांना खरे सांगायचे नसते. जेथे खरे बोलल्याची किंमत औषधाने मोजावी लागते, तेथे उपचाराचा पायाच उखडला जातो.

दुसरा आधार नफ्याचा. अमेरिकेतील बहुसंख्य मेथाडोन केंद्रे आज खासगी आणि नफ्यासाठी चालणारी आहेत. रोजची हजेरी, रोजची मात्रा आणि तपासण्यांची मोजदाद अशा व्यवसायाला मानवते. पलीकडे गांजाचे नवे भांडवल उभे आहे. त्याला आपला माल वेदनेवर, निद्रानाशावर आणि शेवटी व्यसनावरही रामबाण म्हणून खपवायचा आहे. या संकटाचे मूळही बाजारातच आहे, हे विसरून चालणार नाही. पर्ड्यू फार्मा कंपनीने १९९६ साली ऑक्सिकॉन्टिन बाजारात आणले आणि हे अफूवर्गीय औषध फारसे व्यसन लावीत नाही, असा डॉक्टरांचा समज करून दिला. दिशाभूल केल्याचा गुन्हा २००७ साली कंपनीच्या वतीने न्यायालयात कबूल झाला. तोवर खाणकामगारांच्या आणि बंद पडलेल्या कारखान्यांच्या गावांत गोळ्या घरोघर पोचल्या होत्या. एका वेदनाशामकाच्या जाहिरातीला भुललेल्या वैद्यक व्यवसायाने दुसऱ्याच्या जाहिरातीला भुलू नये, ही हम्फ्रीज-साइट्झ यांच्या इशाऱ्यातील भीती रास्त आहे. मात्र तिचा उपयोग रुग्णाला शिक्षा करण्यासाठी होता कामा नये. कंपनीच्या अपराधाची शिक्षा पहाटेच्या रांगेतील मजुराला देणे, हा न्यायाचा विपर्यास होय.

भारतातील जुना दाखला

हा प्रश्न भारताला परका नाही. किंबहुना तो सर्वप्रथम पद्धतशीरपणे तपासला गेला तो भारतातच. ब्रिटिश संसदेत प्रश्न उपस्थित झाल्यावर १८९३ साली भारतीय भांग-गांजा चौकशी आयोग नेमला गेला. सुमारे १२०० साक्षीदार तपासून त्याने १८९४ साली सात खंडांचा अहवाल दिला. गांजाने वेड लागते, हे त्या काळच्या वेड्यांच्या इस्पितळांच्या आकड्यांवरून सर्वमान्य झाले होते. आयोगाने ते आकडे जेथून आले तेथवर माग काढला, तेव्हा काय दिसले? रुग्णासोबत पोलिसांकडून येणाऱ्या कागदावर कारण म्हणून ‘गांजा’ लिहिलेले असे आणि इस्पितळात तेच वहीत उतरविले जाई. प्रत्यक्ष चौकशी केल्यावर पुष्कळ प्रकरणांत ते कारण टिकले नाही. अतिवापराची हानी आयोगाने नाकारली नाही. परंतु मित वापरातून लक्षणीय अपाय होत नाही आणि संपूर्ण बंदी आवश्यक नाही, असा निर्वाळा दिला. पोलिसांचा कागद आणि लघवीची पट्टी यांच्यात सव्वाशे वर्षांचे अंतर आहे. दोन्हींचे काम एकच: चौकशीच्या आधीच निकाल लिहिणे.

आज भारतात १९८५ चा अमली पदार्थ कायदा लागू आहे. गांजा आणि चरस त्याच्या कक्षेत येतात, झाडाच्या नुसत्या पानांची भांग त्यातून सुटते. काही राज्यांत तिची परवानाधारक दुकाने आहेत. २०१९ साली केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयाने प्रसिद्ध केलेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार भांग, गांजा वा चरस वापरणारे सुमारे ३ कोटी १० लाख आणि अफूवर्गीय द्रव्ये वापरणारे सुमारे २ कोटी २६ लाख होते. ज्यांना मदतीची गरज आहे असे लोक पहिल्या गटात सुमारे ७२ लाख, तर दुसऱ्या गटात सुमारे ७७ लाख होते. एवढ्या मोठ्या दोन समूहांतील पुष्कळ माणसे एकच असणार, हे उघड आहे. राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमाच्या केंद्रांत सुई टोचून घेणाऱ्यांना ब्युप्रेनॉर्फिन मिळते. पंजाबात २०१७ पासून सरकारी बाह्यरुग्ण केंद्रांतून ते दिले जाऊ लागले. चिलीम ओढणारा रुग्ण तेथील खिडकीसमोरही उभा असतो.

महाराष्ट्रात या विषयाला एक निराळे अंग आहे. गर्दच्या लाटेने १९८० नंतर मुंबई-पुण्याची तरुण पोरे गिळायला सुरुवात केली, तेव्हा डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली पुण्यात ‘मुक्तांगण’ उभे केले, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे त्यांच्या पाठीशी राहिले. व्यसनाधीन माणसाला माणूस म्हणून वागविण्याचा संस्कार या कार्याने मराठी समाजावर केला. दुर्दैवाने व्यसनमुक्तीच्या नावाने उभ्या राहिलेल्या साऱ्याच ठिकाणी तो संस्कार पोचला नाही. कोंडणे, मारणे आणि बांधून ठेवणे यांनाच उपचार समजणारी ठिकाणेही देशात निघाली.

समाजवादी चळवळीत नशाबंदीचा आग्रह धरणारा प्रवाह जुना आणि आदरणीय आहे. गावागावांतील स्त्रियांनी दारूचे गुत्ते बंद पाडले, त्यांच्याबरोबर कार्यकर्तेही उभे राहिले. त्यामुळे गांजा ओढणाऱ्या रुग्णाची बाजू घेणे अनेक कार्यकर्त्यांना अवघड वाटेल. परंतु नशेच्या व्यापाराशी लढणे आणि नशेत सापडलेल्या माणसाला दाराबाहेर काढणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. गुत्ता बंद पाडणारी स्त्री नवऱ्याला मारायला निघालेली नसते. त्याला घरी परत आणायला निघालेली असते. शिवाय, परवान्यावर विलायती मद्य घेणाऱ्या गृहस्थाला ‘शौकीन’ आणि चिलीम ओढणाऱ्या हमालाला ‘गंजेडी’ म्हणणारी भाषा वर्गीय आहे, हे कार्यकर्त्याने तरी ओळखावे.

म्हणून मागणी साधी आहे. सरकारी असो वा स्वयंसेवी, कोणत्याही उपचार केंद्रात गांजा आढळला म्हणून व्यसनावरील औषध थांबविले जाणार नाही, असा लेखी नियम भिंतीवर लागला पाहिजे. तपासणीचा निकाल हा संभाषणाचा आरंभ असावा: दुखते का, झोप येत नाही का, काम सुटले का, की गांजाचेच व्यसन जडले आहे? ते जडले असेल तर त्याचाही उपचार करावा, त्यासाठी पहिला उपचार मोडू नये. गांजाला औषध म्हणून विकू पाहणाऱ्यांना पुरावा मागावा आणि तो येईपर्यंत दवाखान्याचे दार त्यांना उघडू नये. डॉक्टरांना शिक्षकाची छडी नको, समुपदेशक हवेत. त्यांची पदे भरली जावीत. कायद्यातील ६४ अ हे कलम स्वेच्छेने उपचार घेणाऱ्या व्यसनाधीन व्यक्तीला खटल्यापासून संरक्षण देते. ते किती पोलिस ठाण्यांत ठाऊक आहे, हे तालुक्यातालुक्यांतील कार्यकर्त्यांनी जाऊन विचारावे.

आपल्या भागातील केंद्रात सकाळी तासभर उभे राहण्यापासून याची सुरुवात होऊ शकते. रांगेत कोण आहे, कोण परत पाठविला गेला आणि कोणत्या कारणासाठी, एवढेच पाहावे आणि परत पाठविलेल्याच्या बरोबर पुन्हा खिडकीपाशी जावे.